एकोणपन्नासाव्या वर्षानंतरची स्त्री

निर्वासितांच्या मदतकार्याचे अहवाल वाचणाऱ्याला एक आकडा वारंवार भेटतो : १५ ते ४९. ‘प्रजननक्षम वयातील स्त्रिया’ असा त्याचा अर्थ. छावणीत अशा स्त्रिया किती, त्यांतील गरोदर किती, बाळंतपणे कोठे होतात, कुटुंबनियोजनाची साधने कितीजणींना मिळतात, या साऱ्यांची नोंद ठेवली जाते. ती ठेवलीच पाहिजे. ताडपत्रीच्या झोपडीत अडलेल्या बाळंतिणीचा जीव वाचवणे हे पुण्यकर्म आहे आणि त्याबद्दल कोणाचीच तक्रार असण्याचे कारण नाही. तक्रार आहे ती त्या आकड्याच्या शेवटच्या टोकाबद्दल. पन्नासावे वर्ष लागले की ही स्त्री त्या तक्त्यातून बाहेर पडते. मग ती जाते कोठे?

संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासितविषयक उच्चायुक्त कार्यालयाचा लोकसंख्येचा तक्ता पाहावा, तर तेथे प्रौढांचे दोनच गट आढळतात : १८ ते ५९ आणि ६० च्या पुढे. म्हणजे एका तक्त्यात पन्नाशीच्या स्त्रीला जागा नाही. दुसऱ्यात तिला अठरा वर्षांच्या मुलीच्या रांगेत उभे केले आहे. वृद्धांसाठी असलेल्या सवलतीपर्यंत पोहोचायला तिला अजून दहा वर्षे आहेत. ती तरुण नाही, म्हातारी नाही, गरोदर नाही, अंगावर पाजणारी नाही. मदतीच्या भाषेत ती कोणीच नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाप्रमाणे २०२१ साली जगातील एकूण स्त्रिया व मुली यांच्यापैकी २६ टक्के पन्नाशीच्या वा त्यापुढच्या वयाच्या होत्या. निर्वासितांत लेकरांचे प्रमाण मोठे असते, म्हणून छावणीत हा वाटा कमी भरेल. परंतु वाटा कमी आहे म्हणून वेदना कमी होत नाही.

ज्या अवस्थेबद्दल मी लिहीत आहे तिचे नाव उच्चारताना आपल्याकडे अजूनही आवाज खाली येतो, म्हणून ते स्पष्टच लिहितो : रजोनिवृत्ती. सलग बारा महिने पाळी आली नाही म्हणजे ती पूर्ण झाली, असे वैद्यकशास्त्र मानते. बहुतेक स्त्रियांच्या बाबतीत हे ४५ ते ५५ या वयात घडते. भारतीय उपखंडातील स्त्रियांना ही अवस्था पाश्चात्त्य स्त्रियांपेक्षा काही वर्षे आधीच गाठते, आणि तंबाखूचा धूर तिला आणखी लवकर ओढून आणतो. शेवटच्या पाळीआधी काही वर्षे शरीरात उलथापालथ सुरू होते. बीजकोशातून स्रवणारे इस्ट्रोजेन कमी होत जाते. मेंदूतील उष्णतेचे नियंत्रण बिघडते आणि क्षुल्लक कारणाने छाती, मान, चेहरा तापून निघतो. घामाच्या धारा लागतात, काळीज धडधडते, आणि काही मिनिटांनी अंगावर काटा येतो. रात्री हेच चालले की झोप उडते. सांधे धरतात, चित्त थाऱ्यावर राहत नाही, विसर पडतो. योनिमार्ग कोरडा पडतो, लघवीला जळजळ होते, मूत्रमार्गाचा संसर्ग पुन्हापुन्हा होतो. काहींना पाळी थांबण्यापूर्वी इतका रक्तस्राव होतो की रक्तक्षय जडतो. सर्वांत शेवटी, कोणाच्याही नजरेस न येता, हाडे ठिसूळ होऊ लागतात. हे सारे दोन-चार महिन्यांत आटोपते असेही नाही. अमेरिकेतील एका दीर्घकालीन अभ्यासाचे निष्कर्ष २०१५ साली प्रसिद्ध झाले. ज्या स्त्रियांना हा दाह वारंवार होतो, त्यांच्यात तो सरासरी सात वर्षांहून अधिक काळ टिकतो, असे त्यात दिसून आले.

आता हे शरीर छावणीत नेऊन ठेवू या. बांगलादेशातील कॉक्स बाझारजवळ कुतुपालोंग व आसपासच्या टेकड्यांवर दहा लाखांहून अधिक रोहिंग्या राहतात. २५ ऑगस्ट २०१७ नंतर म्यानमारच्या राखाइन प्रांतातून काही महिन्यांतच सात लाखांहून अधिक माणसे सीमा ओलांडून आली. पक्के घर बांधण्यास तेथे परवानगी नसल्यामुळे बांबू आणि ताडपत्री यांचेच निवारे उभे राहिले. चैत्र-वैशाखात त्या ताडपत्रीखाली धडधाकट माणसाचाही जीव गुदमरतो. जिच्या अंगातूनच वाफा निघत आहेत, तिने काय करावे? एकाच खोलीत सारे कुटुंब, शेजारच्या झोपडीतला श्वासही ऐकू येतो. अंगावरचे वस्त्र सैल करावे तर आडोसा नाही. बाहेर वाऱ्याला बसावे तर पडद्याची रीत आड येते. घामाने भिजलेले कपडे बदलावेत तर दुसरा जोड असेलच असे नाही, आणि धुवावेत तर पाणी टेकडीखालून आणायचे. संडास दूर, सामायिक आणि रात्री अंधारात. तिकडे जावे लागू नये म्हणून छावणीतील बायका दिवसभर पाणी कमी पितात, हे मदतकार्य करणाऱ्यांनी वारंवार नोंदवले आहे. ज्या वयात मूत्रमार्गाचा संसर्ग सहज जडतो, त्याच वयात पाणी तोडायचे आणि लघवी दाबून धरायची! रोगाला याहून उघडे दार कोणते असेल?

आहाराचे पाहावे. या वयात हाडांना चुना हवा, प्रथिने हवीत. निधी आटला म्हणून रोहिंग्यांचा दरमाणशी मासिक शिधा मार्च २०२३ मध्ये १२ डॉलरवरून १० डॉलरवर आणला गेला आणि जूनमध्ये ८ डॉलरवर. पुढे तो वाढवण्यात आला हे खरे. पण अशा शिध्यात दूध, अंडी, मासळी ताटात येतात ती किती, आणि आलीच तर ती कोणाच्या ताटात पडतात, हे कोणत्याही गरीब घरातील आईला विचारावे. आधी लेकरे, मग पुरुष, मग गरोदर सून, आणि तळाशी उरले तर ती. आज हाडांना जे मिळाले नाही, त्याची वसुली आणखी वीस वर्षांनी मोडलेल्या खुब्यातून होते. त्या वेळी तो खुबा कोणत्या छावणीत असेल, कोण सांगावे!

याहूनही बिकट एक गाठ आहे. २०१७ च्या त्या पळापळीत स्त्रियांवर सामुदायिक अत्याचार झाले, हे संयुक्त राष्ट्रांच्या सत्यशोधन समितीने २०१८ साली जगापुढे मांडले. भयाने ग्रासलेल्या मनाची लक्षणे आणि रजोनिवृत्तीची लक्षणे एकमेकांशी विलक्षण साम्य राखतात : रात्री दचकून जागे होणे, घाम फुटणे, छाती धडधडणे, चिडचीड, उदासी, विसरभोळेपणा. छावणीच्या दवाखान्यात अशी स्त्री आली, तर तिच्या वाट्याला बहुधा दोनपैकी एक निदान येते. एक तर ‘मनावर परिणाम झाला आहे’ म्हणून झोपेची गोळी, नाही तर ‘वय झाले’ म्हणून वेदनाशामक गोळी. तिचे दुःख दुहेरी आहे, स्मृतीचे आणि शरीराचेही. दोन्ही एकमेकांना पोसतात, कारण झोप नसेल तर भय वाढते आणि भय असेल तर झोप येत नाही. ज्या जखमेबद्दल ती बोलू शकत नाही, त्याच अवयवाबद्दल तिला बोलायचे आहे. अशा वेळी समोर अनोळखी पुरुष डॉक्टर आणि मध्ये दुभाषी असेल, तर ती गुडघा दुखतो म्हणेल आणि परत जाईल. तिचे गप्प राहणे हे तक्रार नसल्याचे प्रमाण मानणे म्हणजे मुक्याच्या तोंडून ‘सारे ठीक आहे’ असे वदवून घेण्यासारखे आहे.

वाचकहो, या मांडणीवर जे आक्षेप घेतले जातात, त्यांचा विचार केल्याशिवाय पुढे जाणे योग्य होणार नाही.

पहिला आक्षेप व्यवहाराचा : आधी जीव वाचवावा, मग अंगाच्या दाहाचे पाहावे. हा आक्षेप प्रामाणिक आहे. १९९० च्या दशकात आपत्तिकाळातील स्त्रियांच्या आरोग्यासाठी ‘मिनिमम इनिशियल सर्व्हिस पॅकेज’ नावाचा किमान प्रारंभिक सेवासंच तयार झाला. लैंगिक हिंसेस प्रतिबंध, एच. आय. व्ही. चा प्रसार रोखणे, माता व नवजात बालके यांचे मृत्यू टाळणे, नको असलेली गर्भधारणा टाळणे, ही त्याची मुख्य उद्दिष्टे. सुरुवातीच्या दिवसांत एवढे साधले तरी खूप झाले. परंतु त्याच योजनेत असेही म्हटले आहे की तीन ते सहा महिन्यांत या किमान सेवेकडून सर्वांगीण सेवेकडे वळावे. रोहिंग्यांना येऊन किती महिने झाले? जगातील निर्वासितांपैकी सुमारे दोन तृतीयांश माणसे पाच वर्षे वा त्याहून अधिक काळ परक्या भूमीत अडकून पडलेली आहेत. २०१७ साली जी स्त्री चाळिशीत होती ती आज छावणीतच पन्नाशीच्या उंबरठ्यावर उभी आहे. तिची सारी रजोनिवृत्ती ताडपत्रीखाली पार पडते आहे. जी आपत्ती वर्षानुवर्षे चालते तिला तातडीचे नियम लावून ‘मग पाहू’ म्हणत राहणे, ही व्यवहारबुद्धी नव्हे. ही डोळेझाक होय.

दुसरा आक्षेप घराघरांत ऐकू येतो : हे तर निसर्गाचे चक्र आहे, आमच्या आया-आज्यांनी नाही का सोसले? बाळंतपणही निसर्गाचेच आहे. मग आपण प्रसूतिगृहे का बांधली? आया-आज्यांनी सोसले ते आपल्या घरात सोसले. त्यांना विहिरीचे गार पाणी होते, ओटीवरचा वारा होता, मागल्या दाराशी गुपचूप दोन शब्द बोलायला जाऊ होती, बहीण होती. या वयाची स्त्री घरात कर्तीसवरती असते, तिचा शब्द चालतो. शरीर थकते तसा मान वाढतो, आणि त्या मानाच्या आधाराने बरेचसे सोसवते. निर्वासित स्त्रीच्या हातून नेमके हेच निसटले आहे. तिचे घर जळाले, जावा-नणंदा पांगल्या, आणि सासूपणाच्या किल्ल्यांना लागायला कुलूपच उरले नाही. निसर्गाने दिलेले ओझे तेवढे शिल्लक राहिले आणि ते पेलण्यासाठी समाजाने दिलेला टेकू गेला. त्याउपर आया-आज्यांनी न बोलता सोसले म्हणून ते सोसणे हलके होते, हे तरी कोणी ठरवले? त्यांना कोणी विचारलेच नाही, एवढेच त्यातून सिद्ध होते.

तिसरा आक्षेप सुशिक्षितांचा : हे सुखवस्तू पाश्चात्त्य बायकांचे चोचले. या आक्षेपात एक सत्य दडलेले आहे. या अवस्थेवरील संशोधन आणि औषधे यांचा ओघ श्रीमंतांकडेच वाहिला. २००२ साली अमेरिकेतील एका मोठ्या चाचणीनंतर संप्रेरकांच्या उपचाराची जगभर धास्ती बसली. पुढील अभ्यासांनी त्या भीतीला मर्यादा घातली. साठीच्या आतील व अन्यथा निरोगी अशा बहुतेक स्त्रियांना, योग्य देखरेखीखाली, त्रासाच्या मानाने लाभ अधिक, असे आता तज्ज्ञ मानतात. ज्यांना संप्रेरके चालत नाहीत त्यांच्यासाठी २०२३ साली अमेरिकेत फेझोलिनेटंट नावाचे नवे औषध मंजूर झाले. म्हणजे न्यूयॉर्कच्या वातानुकूलित खोलीतील दाहावर शास्त्राने दोन-दोन उपाय शोधले आणि कुतुपालोंगच्या झोपडीतील दाहाला चोचला म्हटले! औषध श्रीमंतांना मिळते म्हणून रोग श्रीमंतांचा ठरत नाही. क्षयाची औषधेही आधी श्रीमंत देशांनाच मिळाली होती.

चौथा मुद्दा आक्षेप म्हणून कोणी मांडत नाही, पण तो साऱ्यांच्या मुळाशी आहे, आणि त्यात आम्हा धर्मसेवकांचाही वाटा आहे. सप्टेंबर १९९४ मध्ये कैरो येथे लोकसंख्या व विकास यांवर जागतिक परिषद भरली. पुढच्याच वर्षी बीजिंगला स्त्रियांची परिषद झाली. दोन्ही ठिकाणी व्हॅटिकनचे शिष्टमंडळ गर्भपाताच्या प्रश्नावर ठामपणे उभे राहिले आणि त्याने आपले मतभेद लेखी नोंदवले. गर्भातील जिवाची बाजू घेतली याचा मला खेद नाही, अभिमानच आहे. परंतु एक गोष्ट ध्यानात घ्यावी. एका बाजूचे म्हणणे, गर्भधारणा रोखण्याचे साधन द्या. दुसऱ्या बाजूचे म्हणणे, गर्भाचे रक्षण करा. वाद कितीही कडवा असला तरी दोन्ही पक्षांची नजर एकाच अवयवावर खिळलेली होती. ज्या स्त्रीचे गर्भाशय आता कोणाच्याच कामाचे उरले नाही, तिच्यासाठी भांडायला कोणत्याही बाजूचा वकील उभा राहिला नाही. मातृत्वाचा गौरव करता करता आपण स्त्रीला मातृत्वापुरतीच उरवली, आणि मातृत्व संपल्यावर तिच्यासाठी आपल्या प्रवचनात वाक्यच राहिले नाही.

बायबल मात्र याबाबतीत आपल्याइतके संकोची नाही. सारेची पाळी केव्हाच थांबली होती, असे उत्पत्तीच्या अठराव्या अध्यायात सरळ नोंदवले आहे. आणि ही सारा कोण? ऊर सोडलेली, हारान सोडलेली, दुष्काळात मिसरात आश्रयाला गेलेली, तंबूत आयुष्य काढलेली एक स्थलांतरित वृद्धा. तशीच नामी. बेथलेहेमातील दुष्काळामुळे मवाबात गेली, तेथे पती आणि दोन्ही पुत्र गमावले, आणि आपले वय आता लग्नाचे, लेकरांचे राहिले नाही, हे तिने सुनांना स्वमुखाने सांगितले. आम्ही या दोघींवर बोलतो ते कशासाठी? सारेला पुत्र झाला म्हणून, आणि नामीच्या मांडीवर नातू आला म्हणून. पुत्र झाला नसता तर तंबूतील ती म्हातारी आमच्या लक्षात राहिली असती का? ज्याने त्या तंबूच्या दाराशी येऊन तिची विचारपूस केली, त्याने ‘तुझी पत्नी सारा कोठे आहे’ असे तिच्या नावाने विचारले होते. पोप फ्रान्सिस यांनी १ डिसेंबर २०१७ रोजी ढाक्यात सोळा रोहिंग्या निर्वासितांची भेट घेतली आणि जो शब्द त्या दौऱ्यात तोवर टाळला गेला होता, तो ‘रोहिंग्या’ हा शब्द त्यांनी जाहीरपणे उच्चारला. एखाद्याला त्याच्या नावाने हाक मारणे ही दयेची पहिली पायरी असते. दुःखालाही नाव असावे लागते. बिननावाच्या दुःखाला औषधही मिळत नाही.

हा प्रश्न कोठे तरी सीमेपलीकडचा आहे, असे समजून आपण निश्चिंत राहू नये. फाळणीनंतर कल्याणजवळच्या लष्करी बराकींत हजारो सिंधी कुटुंबे येऊन राहिली आणि १९४९ साली त्या छावणीचे उल्हासनगर झाले. त्या कुटुंबांतून उभे राहिलेले उद्योग, बाजारपेठा, जिद्द यांचे कौतुक आपण योग्यच करतो. पण पंचेचाळीस-पन्नासाव्या वर्षी सिंधमधील घराला कुलूप लावून जी स्त्री त्या बराकीत आली, तिच्या रात्री कशा गेल्या असतील? फाळणीतील स्त्रियांचा इतिहास उर्वशी बुटालिया, रितू मेनन आणि कमला भसीन यांनी १९९८ साली ग्रंथरूपाने मांडला, तेव्हा अर्धशतक उलटून गेले होते. विचारायला उशीर झाला की उत्तर देणारी उरत नाही. रोहिंग्या स्त्रीच्या बाबतीत निदान तो उशीर तरी टाळता येईल.

काय करता येईल? आकाश कोसळेल इतका खर्च यात नाही. पहिली गोष्ट, तक्त्याची रेघ पुढे सरकवावी : ४५ ते ५९ या वयाच्या स्त्रियांची नोंद वेगळी ठेवावी. ज्याची मोजदाद होते त्यालाच पैसा मिळतो, हा मदतकार्याचा निर्दय पण खरा नियम आहे. दुसरी गोष्ट, दवाखान्यात येणाऱ्या चाळिशीपुढच्या प्रत्येक स्त्रीला स्त्री-आरोग्यसेविकेने तिच्या भाषेत चार प्रश्न विचारावेत : पाळी कशी आहे, झोप लागते का, अंग तापते का, लघवीला जळजळते का. पाळी थांबून वर्ष झाल्यावर पुन्हा रक्त दिसले, तर तिची तपासणी विनाविलंब व्हावी, कारण ते कर्करोगाचे चिन्ह असू शकते. तिसरी गोष्ट, तिला समजावून सांगावे. आपल्याला वेड लागलेले नाही, दैवी कोप झालेला नाही, ही शरीराची एक अवस्था आहे आणि ती ओसरेल, एवढे कळले तरी निम्मा भार उतरतो. चौथी गोष्ट, सुती कपड्याचा एक जादा जोड, संडासाच्या वाटेवर दिवा, बायकांना निवांत बसता येईल अशी सावलीची, वाऱ्याची एक जागा, शिध्यात चुना व प्रथिने यांचा विचार, रक्तदाबाची तपासणी. आणि जिथे डॉक्टर आहेत तिथे योनिमार्गाच्या कोरडेपणावरील मलम आणि योग्य त्या स्त्रियांसाठी संप्रेरके. पाचवी गोष्ट, या वयाच्या स्त्रियांनाच त्या कामात घ्यावे. छावणीतील सुइणी, कुटुंबे सांभाळणाऱ्या विधवा, अनाथ नातवंडे वाढवणाऱ्या आज्या याच वयाच्या आहेत. ज्यांच्या खांद्यावर छावणी उभी आहे त्यांचे खांदे दुखतात का, हे विचारणे म्हणजे उपकार नव्हे.

आपल्या धर्मप्रांतांतून निर्वासितांसाठी निधी गोळा होतो, कारितासच्या कार्याला आपण हातभार लावतो. देणाऱ्याला विचारण्याचा हक्क असतो, किंबहुना ते त्याचे कर्तव्यच असते. यापुढे कोणत्याही संस्थेचा अहवाल हाती आला, तर बाळंतपणाचा आकडा जरूर वाचावा, आणि मग तिला पत्र लिहून विचारावे : एकोणपन्नासाव्या वर्षानंतर तुमच्या छावणीतील स्त्रीचे काय होते? या प्रश्नाला पहिल्या वर्षी उत्तर येणार नाही. दुसऱ्या वर्षी कदाचित सबब येईल. पण पाच-पन्नास देणगीदारांनी तोच प्रश्न पुन्हापुन्हा विचारला, तर तिसऱ्या वर्षीच्या तक्त्यात एक नवी ओळ आखली जाईल, आणि त्या ओळीत ती स्त्री प्रथमच मोजली जाईल.